लेट मार्क, बेल कर्व्ह आणि टपरीवरची दुसरी मिटिंग

मुंबईतल्या खासगी कार्यालयांचे मनुष्यबळ प्रमुख आणि विभाग व्यवस्थापक यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मार्च आला की आपल्या कार्यालयांत एक शब्द फार ऐकू येतो: अ‍ॅटिट्यूड. अमक्याचा अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही, तमकीमध्ये ओनरशिप नाही, ती टीम पुढाकारच घेत नाही. अप्रेझलच्या फॉर्मवर हे लिहिलं जातं, त्यावरून इन्क्रिमेंट ठरतं आणि उरलेल्या बजेटमधून सगळ्यांना बसमध्ये घालून कर्जतच्या रिसॉर्टवर नेलं जातं. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या भरवशावर मागे पडण्याचा खेळ होतो. सोमवारी सकाळी सगळं पूर्ववत.

संघटनात्मक वर्तन, म्हणजे संस्थांत माणसं कशी आणि का वागतात, हा विषय शिकवणारे आणि त्यातच काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याला आपण स्वभावदोष म्हणता, त्यातला बराचसा भाग म्हणजे आपल्याच नियमांना माणसांनी शोधून काढलेलं शहाणं उत्तर असतं. वर्तन हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोन्हींवर ठरतं, हे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये सूत्राच्या रूपात लिहून ठेवलं. यातली व्यक्ती बदलणं कुणाच्या फारसं हातात नसतं. परिस्थिती मात्र आपण स्वतः सर्क्युलर काढून तयार करता.

कामचुकार माणसं नसतातच, असं आम्ही म्हणत नाही. असतात. ती ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. एकाच खुर्चीवर पाच वर्षांत तीन माणसं बदलली आणि तिघांबद्दल तीच तक्रार असेल, तर खुर्ची तपासा. माणूस दुसऱ्या विभागात गेला आणि तक्रारही त्याच्याबरोबर गेली, तर मग खुशाल माणूस तपासा. बहुतेक ठिकाणी ही नोंद एचआरकडे असते, पण अप्रेझलच्या वेळी ती कुणी उघडत नाही.

लेट मार्कपासून सुरुवात करू, कारण या शहरात तो नियम जवळजवळ सगळीकडे आहे. साडेनऊची वेळ, दहा मिनिटांची सवलत, महिन्यात तीन लेट मार्क पडले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. आता डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने हा नियम वाचा. ९.४१ ला पोचलं काय आणि १०.१५ ला पोचलं काय, मार्क एकच. म्हणजे नेहमीची फास्ट चुकली की घाई करण्याचं कारणच संपलं. मग दाराला लटकून पुढची पकडण्यापेक्षा त्यामागची, जरा बरी उभं राहायला जागा देणारी स्लो बरी. महिन्याचा तिसरा मार्क पडणारच असेल, तर सरळ अर्धी रजा टाकून जेवणानंतर यावं. आपण अकरा मिनिटांच्या उशिराला आळा घालायला निघालात आणि चार तासांची गैरहजेरी घेऊन आलात.

खरं नुकसान संध्याकाळी होतं आणि ते मस्टरवर दिसत नाही. साडेसहाला सुटायचं असताना साडेसातपर्यंत थांबून फाइल पुरी करणारा माणूस त्या तासाचा हिशेब मागत नव्हता. त्याच्या सकाळच्या अकरा मिनिटांचा हिशेब आपण मांडलात, की तो संध्याकाळच्या साठ मिनिटांचाही मांडतो. साडेसहाला खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज एकदम येऊ लागले, की समजा नियम लागू झाला.

इस्रायलमधल्या हैफा शहरात याचा प्रयोग झालेला आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरांत वीस आठवडे नोंदी ठेवल्या. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांत पाचव्या आठवड्यापासून दहा शेकेलचा दंड लावला. उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटत होती; दंड आल्यावर तो जादा वेळेचा दर झाला, पैसे मोजले की प्रश्न मिटला. पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही. एकदा शरमेची किंमत ठरली, की ती रद्द करून शरम परत येत नाही. तेव्हा उद्या नवं सर्क्युलर काढून लेट मार्क बंद केलात आणि पुढच्या महिन्यात सगळे वेळेवर येतील असं धरलंत, तर फसाल. मग "बघा, सवलत दिली की असं होतं" म्हणून नियम पुन्हा लावाल, तेही आम्हाला दिसतंय.

त्याऐवजी चार आठवडे फक्त नोंद करा: कोण, कुठल्या स्टेशनवरून, किती उशिरा आणि त्या उशिरामुळे नेमकं कुठलं काम अडलं. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहील. ज्या कामांना घड्याळ खरंच लागतं ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात: ग्राहकांचा काउंटर, पाळी बदलणारा सपोर्ट डेस्क, सव्वानऊला शेअर बाजार उघडतो म्हणून डीलिंग रूम. त्यांच्या पाळ्यांचा तक्ता त्या डेस्कवरच्या माणसांनाच करू द्या. कसाऱ्याहून येणारा आणि माहीमहून येणारा आपापसांत वेळा बदलून घेतात आणि आपण लावून दिलेल्या तक्त्यापेक्षा तो तक्ता जास्त पाळतात. बाकीच्यांसाठी अकरा ते चार हे सामाईक तास आणि आठवड्याचे एकूण तास, एवढं पुरतं. हे जाहीर करताना साहेबांनी स्वतः समोर बसून सांगावं, मेलने नको.

आता टार्गेट. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या अभ्यासांबद्दल एमबीएच्या पहिल्याच सत्रात शिकवतात, पण त्यातला दिव्यांचा उजेड कमी-जास्त करण्याचा भाग तेवढा लक्षात राहतो. १९३१-३२ चा बँक वायरिंग रूमचा (टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांच्या तारा जोडण्याच्या खोलीचा) भाग अधिक मोलाचा आहे. एका खोलीत चौदा माणसं: नऊ वायरमन, तीन सोल्डरिंग करणारे, दोन तपासनीस. पगार गटाच्या एकूण कामावर, म्हणजे सगळ्यांनी जास्त केलं तर सगळ्यांना जास्त. दिवसाला ७,३१२ जोडण्यांचं उद्दिष्ट कंपनीने दिलेलं. गटाने आपसात ठरवलेला आकडा मात्र सहा ते साडेसहा हजारांच्या आसपास, आणि काम तिथेच थांबायचं. कुणी पुढे गेला, तर शेजारी त्याच्या दंडावर बुक्का मारायचा. फार मागे राहिला, तरी बुक्काच. वरिष्ठांकडे चुगली करणाऱ्यासाठी वेगळी शिवी होती.

ही माणसं आळशी होती का? त्यांना भीती होती, की आपण आठ हजार करून दाखवले तर उद्या तोच किमान आकडा होईल, दर उतरेल आणि मागे पडणाऱ्या सोबत्याची नोकरी जाईल. ही भीती मुंबईला नवी नाही. १९२८ मध्ये गिरण्यांत 'रॅशनलायझेशन' आलं, तेव्हा एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी मागणी होती. गिरणगाव सुमारे सहा महिने संपावर गेलं. जास्त माग चालवणं जमेल की नाही, हा प्रश्न त्यात दुय्यम होता; तिसऱ्या मागावरून कोण कमी होणार, हे प्रत्येकाला चाळीतल्या शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

आज माग नाहीत, पण सेल्सच्या माणसाने वर्षात १३० टक्के काम केलं की पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या १३० वर आणखी पंधरा टक्के चढवून मिळतं. म्हणून टार्गेट पुरं झालेला हुशार सेल्समन फेब्रुवारीतच ब्रेक लावतो, ऑर्डर ग्राहकाकडे 'पिकायला' ठेवतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उचलतो. ज्याचं टार्गेट अजून अपुरं आहे, तो नेमकं उलटं करतो: डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात मार्चअखेर माल कोंबतो, एप्रिलमध्ये परत घेतो. दोन्ही हालचाली आपल्याच फॉर्म्युल्यातून निघतात. तेव्हा एप्रिल आणि मार्चचे आकडे शेजारी ठेवून बघा. मागची तीन वर्षं बघितलीत तर नक्षी स्पष्ट दिसेल. उपाय कंटाळवाणा आहे: टार्गेटचा पाया दोन ते तीन वर्षांसाठी गोठवा, वाढीचं सूत्र वर्ष सुरू होण्याआधी लेखी द्या आणि मध्येच एखाद्याने विक्रम केला म्हणून ते बदलू नका. एकदा जरी बदललंत, तरी पुढची पाच वर्षं कुणी विश्वास ठेवणार नाही.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे प्रत्येक टीममध्ये ठरावीक टक्के लोकांना तळाचं रेटिंग द्यायलाच लावणाऱ्या पद्धतीबद्दल, थोडक्यात, कारण त्याच्या बाजूने बोलणारे आता त्याचा बचाव करतानाही ओशाळतात. सात जणांच्या टीममध्ये तळाचे दहा टक्के म्हणजे पाऊण माणूससुद्धा भरत नाही. ती घंटेसारखी रेघ मोठ्या आणि निवड न केलेल्या समूहात उमटते. आपण तर मुलाखतीच्या चार फेऱ्या घेऊन माणसं निवडलेली असतात. मग मॅनेजर काय करतो? तळाचं रेटिंग पाळीपाळीने फिरवतो ("या वर्षी तू घे, पुढच्या वर्षी बघू"), किंवा नव्याने आलेल्याला देतो, किंवा सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर असलेलीला. काही धोरणी मॅनेजर एक कच्चा माणूस मुद्दाम टीममध्ये सांभाळतात. दरवर्षी नैवेद्याला कामी येतो. आणि शेजाऱ्याला एक्सेलमधली अडचण सोडवून देणं म्हणजे आपलंच रेटिंग त्याला देणं, हे टीमला पहिल्या वर्षातच कळतं. त्यानंतर आपण सहकार्यावर कार्यशाळा घेता. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये सोडली. आपल्याकडे ती अजून काही ठिकाणी 'आधुनिक' म्हणून नव्याने लागू होते आहे.

पगार गुप्त ठेवण्याचंही तसंच. गुप्त राहतो तो खरा आकडा. अंदाज सगळ्यांकडे असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड लॉलर यांनी साठच्या दशकात दाखवलं, की मॅनेजर आपल्या बरोबरीच्या आणि हाताखालच्या लोकांचा पगार खऱ्यापेक्षा जास्त समजतात. म्हणजे गुप्ततेमुळे असमाधान टळत नाही, वाढतं. प्रत्येकाची स्लिप भिंतीवर लावा असं आम्ही सांगत नाही. प्रत्येक श्रेणीची किमान आणि कमाल मर्यादा व वर जाण्याचे निकष जाहीर करा, तेवढ्याने अफवांचं निम्मं खाद्य संपतं.

आता मिटिंगकडे येऊ. मुंबईच्या कार्यालयात प्रत्येक विषयावर दोन मिटिंगा होतात. पहिली एसी लावलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये, तिथे सगळे मान डोलावतात. दुसरी इमारतीखालच्या टपरीवर, कटिंग हातात घेऊन. तिथे "हे चालणारच नाही" असं सगळे सांगतात, कारणांसकट, तारखांसकट. आपल्याला हवी असलेली माहिती दुसऱ्या मिटिंगमध्ये असते आणि तिचं मिनिट्स कुणी लिहीत नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती, शाळकरी मुलालाही जमेल इतकी सोपी. खोलीतले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार, ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देणारे. खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीकडे झुकली. जवळजवळ तीन चतुर्थांश जण एकदा तरी झुकले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे. साथीदारांपैकी फक्त एकाने खरं उत्तर दिलं, की झुकण्याचं प्रमाण एकदम कोसळलं. उत्तर कागदावर, खासगीत लिहायला सांगितलं, तरी कमी झालं. तिथे ना कुणी साहेब होता, ना इन्क्रिमेंट. आपल्या खोलीत दोन्ही आहेत.

म्हणून मिटिंगची पद्धतच बदलावी लागते. निर्णयाचा प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं मत आणि एक धोका लिहायचा. मग सर्वांत कनिष्ठ माणसापासून वाचायला सुरुवात, साहेब सर्वांत शेवटी. साहेबांनी आधी "मला तर वाटतं..." म्हटलं, की चिठ्ठ्यांचा काही उपयोग नाही, लोक मनातल्या मनात खोडून पुन्हा लिहितात. ("मी फक्त चर्चेला सुरुवात करून देतो" हेही मतच असतं.) दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला विचारा, की तुम्हाला माहीत असलेली आणि इथे अजून कुणी न बोललेली एक गोष्ट कोणती. हा प्रश्न आवश्यक आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं, की गट बहुतेक वेळ सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्याच गोष्टींवर बोलतो आणि एकेकट्याकडे असलेली माहिती टेबलावर येतच नाही. वितरणाच्या माणसाला ठाऊक असतं, की भिवंडीच्या गोदामात त्या तारखेला जागा नाही. त्याला कुणी विचारत नाही, आणि तो सांगत नाही.

तो का सांगत नाही, याचं मुंबईतलं एक कारण पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. मिटिंग इंग्रजीत असते. त्याला मुद्दा पक्का माहीत असतो, पण साहेबांसमोर इंग्रजीत तो मांडताना अडखळण्याची लाज माहितीपेक्षा भारी पडते. पहिली फेरी मराठी, हिंदी, ज्याला जी भाषा येते तीत होऊ द्या. मिनिट्स इंग्रजीत लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एवढ्या एका बदलाने टपरीवरची बरीच मिटिंग वर येते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या "कृपया कोणीतरी बघा"बद्दल. चाळीस जणांना निळ्या खुणा दिसतात आणि काम तसंच राहतं. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी दोरी ओढणाऱ्यांची मोजणी केली होती, ती १९१३ मध्ये छापली गेली: दोघांनी मिळून ओढलं तर प्रत्येकाचा जोर ९३ टक्के, आठ जणांत तो ४९ टक्क्यांवर येतो. काही घट ताळमेळ न बसल्याने होते. पण मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि आरोळ्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आपला वाटा वेगळा दिसणार नाही असं वाटलं, की माणूस खरोखरच हात आखडता घेतो. म्हणून एका कामावर एक नाव, एक तारीख. "टीम बघेल" असं लिहिलं, की कुणी बघणार नाही.

डबेवाल्यांना पंचतारांकित हॉटेलात व्याख्यानाला बोलावण्याची हौस आपल्याला आहे, म्हणून त्यांचं उदाहरण इथे घेतो. झाकणावरची खूण सांगते, की डबा कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. चुकला तर कुठल्या टप्प्यावर चुकला, हे त्याच दिवशी शोधता येतं. गट लहान, मिळकतीचे वाटे सारखे, भांडण झालं तर मुकादम मिटवतो. वाटा वेगळा दिसतो, पण वाट्यावरून शेजाऱ्याशी शर्यत नाही. टाळ्या वाजवून आपण परत येतो आणि बेल कर्व्ह भरायला बसतो.

चुकांविषयी एकच मुद्दा. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं टीमवर्क असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद कमी निघेल, अशी अपेक्षा होती, निघाली जास्त. त्या वॉर्डांत चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्याचं उत्तर. म्हणून 'शून्य चुका' असलेल्या विभागाला करंडक देण्याआधी जरा थांबा. हाच प्रश्न कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीलाही लागू पडतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ती नेमणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्या वार्षिक अहवालात 'प्राप्त तक्रारी: शून्य' असं अभिमानाने छापलं जातं. दोनशे बायका काम करतात, समितीतल्या दोघींची नावं विचारलीत तर किती जणींना सांगता येतील, ते आधी बघा. मग त्या शून्याचा अर्थ लावा.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. पंधरा ते तीस माणसांचा एक विभाग निवडा, जिथला मॅनेजर स्वतःहून तयार असेल. पहिला महिना फक्त नोंदी. दुसऱ्या महिन्यात मिटिंगची चिठ्ठीपद्धत आणि एका कामावर एक नाव. तिसऱ्या महिन्यात वेळांचा तक्ता. टार्गेट आणि रेटिंगला आर्थिक वर्ष संपेपर्यंत हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. नवं म्हणून सुरुवातीला सगळेच उत्साहाने वागतील, त्यावर भाळू नका. सहाव्या महिन्याचा आकडा खरा. आणि मधल्या काळात तक्रारी, चुकांच्या नोंदी, मिटिंगमधले वाद वाढलेले दिसतील. ते आधीही होते, खाली टपरीवर. डायरेक्टरांच्या पुढच्या बैठकीत हे वाढलेले आकडे दाखवावे लागतील, तेव्हा ते कमी करायचं आश्वासन देऊ नका. तसं आश्वासन दिलंत, की तुमच्या हाताखालचे लोक ते आकडे कमी करून दाखवतील.

आपले,
संघटनात्मक वर्तनाचे काही अभ्यासक आणि शिक्षक
मुंबई